हिरव्या ठिपक्याचे बोर्ड

मागच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू निघाला, झाकण बाजूला झालं, आणि मीटरबाईचा हात तिथेच थांबला. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा एक हिरवा ठिपका होता. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. ठिपका होता तिथेच होता. सकाळचे साडेदहा वाजले होते, खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रकमधून पत्रे उतरवत होतं, प्रत्येक पत्र्याबरोबर खिडकीची काच थरथरत होती. तिला एकदम वाटलं, आपण हे झाकण परत लावावं, पॅनेल खोक्यात घालावं आणि होत नाही म्हणून सांगावं. तीस वर्षांच्या धंद्यात तिने फार थोड्या वेळा कुणाला होत नाही म्हणून सांगितलं होतं. जुन्या गाड्यांचे काटे, तबकड्या, घड्याळं, तेलाचे मीटर, जे कुणालाच जमायचं नाही ते शेवटी तिच्या टेबलावर यायचं, म्हणून तर आख्ख्या बाजारात तिला मीटरबाई म्हणत. तिचं खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं.

पॅनेलं तीन आली होती, मोटारींच्या संग्रहालयाकडून. त्या लांबलचक, महागड्या गाडीची, जिच्यात पहिल्यांदा काट्यांच्या जागी काळ्या काचेमागे लाल आकडे पेटले होते. वेग, पेट्रोल, वेळ, सगळं आकड्यात. ज्यांच्याकडे पैसा होता ते रांगेत उभे राहिले, आणि मग चालत्या गाडीत आकडे विझायला लागले. गाडी धावतेय आणि समोर नुसती काळी काच. जिच्यासाठी कारखाना ओळखला जायचा तिच्यावरच लोक हसायला लागले. आता संग्रहालय नवं दालन उघडत होतं आणि त्यांना तीनपैकी निदान एक पॅनेल पेटतं हवं होतं. व्यवस्थापकाने सोबत एक कागदही पाठवला होता, दालनात लावायच्या पाटीचा मजकूर, शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत का बघा म्हणून. त्यात एक वाक्य होतं: ‘हाताने दिलेल्या कच्च्या डागांमुळे हे पॅनेल वारंवार बंद पडत असे.’ खाली शाईने लिहिलं होतं, ‘दुरुस्तीच्या दाखल्यातही हेच कारण द्यावे, म्हणजे दोन्हींत मेळ राहील.’ काल तो कागद तिने वाचला होता आणि बाजूला ठेवला होता. त्यात तिला नवीन काहीच वाटलं नव्हतं. कारण तेच होतं. चाळीस वर्षांपूर्वी तेच ठरलं होतं, आणि ठरवणाऱ्यांत थोडीशी तीही होती.

हिरवा ठिपका ताईचा. ताई म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन सहा महिने झाले असतील, तेव्हा ताईनेच तिला त्या गाडीच्या कारखान्यात चिकटवलं होतं. लांब खोली, दोन्ही बाजूंना बाकं, प्रत्येक बाकावर एक बाई, अठरा बायका. समोर बोर्ड, हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी, कथलाच्या धुराचा गोडसर वास. जोडाला सगळ्याजणी डागच म्हणायच्या, भांड्याला देतात तसा. पक्का डाग, कच्चा डाग. बोर्ड पुरा झाला की कोपऱ्यात आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे कुणाचं काम ते कळावं. ताईचा हिरवा. तिला पिवळा मिळाला होता, कारण पिवळ्या रंगाची बाई नुकतीच बाळंतपणाला गेली होती. पहिल्या आठवड्यात तिने अकरा बोर्ड बिघडवले. ताई जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर येऊन बसायची आणि म्हणायची, ‘अगं, कथलाला ढकलू नकोस. तांबं तापव, मग तो आपल्या पायाने येतो.’ ताईचा डाग म्हणजे मोती. बाजूच्या खोलीतले तपासणारे तिचे बोर्ड नुसते उलटे करून पुढे सरकवायचे. हे सगळं मीटरबाईला माहीत होतं, आणि तरीही.

तरीही म्हणजे असं, की पहिल्या पाच गाड्या ज्या बड्या मंडळींकडे गेल्या, त्या पाचांतल्या चार पॅनेलांवर हिरवा ठिपका निघाला. वरचे साहेब खाली आले. चौकशी बसली. चौकशी इंजिनिअर साहेबांनी केली, ज्यांनी पॅनेलचं ड्रॉइंग केलं होतं त्यांनीच. ताईला दोन तास उभं करून तिच्याकडून पांढऱ्या कागदावर रेघ ओढून घेतली, हात थरथरतो का ते बघायला. दोन तास उभं ठेवल्यावर कुणाचाही थरथरेल. मग एकेकीला आत बोलावलं. मीटरबाई आत गेली तेव्हा टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता: सदर कामगार घाईघाईने व हलगर्जीपणे डाग देताना मी पाहिली आहे. साहेब म्हणाले होते, दुरुस्ती विभाग सुरू करतोय, तिथे शिकणारी बाई हवी आहे, तुमचा हात बरा आहे. बाकी काही म्हणाले नव्हते. तिने सही केली. पेन चांगलं होतं, निबेचं, ते अजून आठवत होतं. महिन्याअखेर लाइन बंद झाली, सतरा बायका घरी गेल्या, आणि ती वरच्या मजल्यावर मीटर उघडायला शिकायला लागली.

सहीबद्दल तिने घरी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो गेला त्याला आता सहा वर्षं झाली. घरात दोघी उरल्या. ताईने पुन्हा कधी बारीक काम हातात घेतलं नाही. एका शाळेत नोकरी धरली, वर्गावर्गांतून नोटिसांची वही फिरवायची आणि घंटा द्यायची. सुईत दोरा ओवायची वेळ आली की सुई पुढे करायची, ‘घे बाई, माझ्या हाताचं काही खरं नाही.’ मीटरबाई ओवून द्यायची. आणि आज, त्या हिरव्या ठिपक्यासमोर बसल्यावर, तिला स्वतःची एक खोड दिसली, जी तिने कधी धड बघितली नव्हती. ताईच्या हातून कप फुटला, चहा सांडला, बटण पडलं, की ती मनात टिपून ठेवायची. रागाने नव्हे. उलट तेवढ्यापुरतं तिला हलकं वाटायचं. म्हणजे हात खरंच तसा आहे. म्हणजे आपण खोटं लिहिलं नाही. चाळीस वर्षं ती एका माणसाच्या हातून वस्तू पडायची वाट बघत त्याच्या शेजारी राहिली होती, त्याच्या ताटात वाढत होती, त्याच्या पाठीला तेल चोळत होती.

शेवटी तिने भिंग ओढलं. दुसरं काय करणार? बोर्ड टेबलावर होता आणि तिला तेवढंच येत होतं. कच्चा डाग असेल तर दिसेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि दिसला तर दिसला. पहिला जोड बघितला. मोती. दुसरा, तिसरा, विसावा. कच्चा डाग कसा असतो ते तिला झोपेत सांगता आलं असतं: मळकट, दाणेदार, तारेच्या पायाला न चिकटता नुसता टेकलेला. तसा एकही नव्हता. चाळीस वर्षांनंतरही कथलावर खिडकीचा चौकोन चमकत होता. मग डाव्या अंगाला, व्होल्टेज खाली आणणाऱ्या रेग्युलेटरच्या शेजारी, तिला पहिली चीर दिसली. केसाएवढी, पायाभोवती गोल. मग दुसरी. मग सात. कथील पायाला घट्ट धरून होतं, वितळून नीट पसरलेलं होतं, आणि तरी भोवती गोल फाटलं होतं. असा जोड देताना बिघडत नाही. तापतो, फुगतो, थंड होतो, आखडतो, पुन्हा तापतो. होता होता थकतो. सातही चिरा रेग्युलेटरपासून दोन बोटांच्या आत होत्या. त्याच्या बाजूचे वीज साठवणारे दोन कपॅसिटर फुगून आटले होते. पलीकडचे शंभरावर डाग जसेच्या तसे. तिने दुसरं पॅनेल उघडलं. तांबडा ठिपका, ती जाडी हसरी बाई, जिचं नाव आता आठवत नव्हतं. त्याच जागी सहा चिरा. तिसरं उघडायला तिला जरा वेळ लागला. त्यावर पिवळा ठिपका होता. तिचा स्वतःचा. तिथेही चिरा होत्या, त्याच जागी, नऊ.

दुपारी तिने जेवण केलं नाही. हिरव्या बोर्डाचे फाटलेले सात जोड पुन्हा दिले, आटलेले कपॅसिटर बदलले, पॅनेलला वीज दिली. आकडे पेटले, तांबडेलाल, मधोमध एक शून्य. मग पॅनेल गाडीत बसतं तसं चारी बाजूंनी पुठ्ठ्याने बंद केलं आणि घड्याळ समोर ठेवलं. एकोणिसाव्या मिनिटाला पेट्रोलचा आकडा लुकलुकला. बाविसाव्याला सगळं विझलं. पुठ्ठा काढून रेग्युलेटरला बोट लावलं तर पोळलं. त्याच्या पाठीत स्क्रूसाठी एक भोक होतं, आणि भोकात काहीच नव्हतं. भोक उगाच कुणी पाडत नाही. तिथे उष्णता खेचून घ्यायला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असणार होता आणि तो बसवलाच गेला नव्हता. तिने तळहाताएवढा पत्रा कापला, बसवला, पुठ्ठा लावला. दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत आकडे पेटलेले होते. तिला आनंद झाला नाही. तिला राग आला, आणि तो इतका जुना होता की अंगात कुठे ठेवावा ते कळेना.

तिने व्यवस्थापकाला फोन करून सांगितलं, पाटीतलं वाक्य चुकीचं आहे. दोन दिवसांनी तीन जिने चढून इंजिनिअर साहेब स्वतः आले. दालनाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं. ऐंशी ओलांडलेले, हातात काठी, पण शर्टाच्या खिशाला पेन तसंच. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर पॅनेल पेटलेलं होतं. साहेब आकड्यांवर वाकले.

‘किती वेळ चालतंय?’

‘सकाळपासून. पत्रा बसवलाय.’

‘ड्रॉइंगमध्ये होता पत्रा,’ साहेब म्हणाले. ‘मीच घातला होता.’

‘मग गेला कुठे?’

‘पॅनेल अर्धा इंच जास्त जाड होत होतं. वरच्यांना सडपातळ हवं होतं. तापेल म्हणून मी लेखी दिलं होतं.’

‘आणि चौकशीत?’

‘चौकशीत मला हे कुणी विचारलं नाही.’

‘चौकशी तुम्हीच केलीत, साहेब.’

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला. खालून रिक्षाचा आवाज येत होता. ‘वाईट झालं ते,’ ते म्हणाले. ‘पण चाळीस वर्षं होऊन गेली. कारखाना राहिला नाही. त्या बायका तरी आता कुठे असतील.’

‘एक माझ्या घरी आहे. आत्ता बटाटे सोलत असेल.’

साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग हळूच, जणू तिच्याच भल्याचं सांगावं तसं म्हणाले, ‘चौकशीचे कागद संग्रहालयाकडे आहेत. एक कागद वर आला तर सगळेच वर येतात. तुमचाही आहे त्यात.’

तिने ते ऐकलं, आणि तिला नवल वाटलं की त्यामागे आणखी काही नव्हतं. एवढंच होतं तर. एवढ्याचीच भीती घेऊन ती चाळीस वर्षं जिन्यावरून खाली-वर करत होती. ‘येऊ द्या,’ ती म्हणाली. ‘तुम्ही शोधत बसू नका, त्रास होईल. मीच वर आणते.’ आणि साहेबांना जिना उतरायला हात दिला, कारण ते म्हातारे होते आणि तिसऱ्या पायरीचा कठडा सैल होता.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तिने अहवाल लिहिला. तीन बोर्ड, बावीस चिरा, बावीस मिनिटं, पत्रा. शेवटी एक परिच्छेद: चौकशीत ज्यांनी खोट्या निवेदनावर सही केली त्यांत मी होते. कागद घेऊन ती घरी गेली आणि ताईपुढे ठेवला. तोंडाने सांगायचा धीर नव्हता, हे खरंच आहे. ताईने चष्मा लावून सावकाश वाचलं, ओळीखालून बोट फिरवत, शाळेत नोटीस वाचायची तशी.

‘म्हणजे मी नव्हते,’ ताई म्हणाली.

‘नव्हतात, ताई.’

‘तुला कधी कळलं?’

‘मंगळवारी.’

‘आणि सहीचं?’

मीटरबाईने कागदाची दुमडलेली कड सरळ केली. ताईने चष्म्याची घडी घातली, उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. नेहमी लावते तसं. पुढचे दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. ताई स्वतःपुरता चहा करायची, स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायची, ती समोर आली की नजर न चुकवता तिच्या पलीकडे बघायची. मीटरबाईने माफी मागायचे चार प्रकार मनात जुळवले आणि चारही टाकून दिले. ते सगळे तिला स्वतःला बरं वाटावं म्हणून होते. दुसऱ्या दुपारी ती दुकानात टेबलाशी नुसती बसून राहिली. ज्या कसबाने तिला कारण सापडलं होतं ते कसब त्याच सहीतून आलं होतं. हा गुंता कुठल्या बाजूने सोडवायचा? हाताला चांगलं म्हणावं की वाईट? तिला वाटलं, हे असं वाटत बसणंही एक चैन आहे. तिने कांडी तापवली आणि पिवळ्या ठिपक्याच्या बोर्डाचे नऊ जोड दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई जेवणाच्या टेबलाशी अहवाल आणि पेन्सिल घेऊन बसलेली होती. समोरची खुर्ची तिने पायाने जराशी बाहेर सरकवली.

‘हे काय लिहिलंयस? डाग बहुधा निर्दोष होते. बहुधा?’

‘तशी पद्धत असते लिहायची.’

‘तू भिंगातून बघितलेस ना? एकेक?’

‘एकेक.’

‘मग बहुधा कशाला?’ ताईने पेन्सिलने तो शब्द खोडला. एकदाच, सरळ रेघ. ‘आणि हे, एकशे चौदा क्रमांकाची कामगार. मला नाव नाही?’

‘आहे की.’

‘मग घाल. वडिलांच्या नावासकट घाल. काढलं तेव्हा गेटवरच्या फळ्यावर पूर्ण लिहिलं होतं.’ तिने पान उलटलं. ‘हे सहीचं. हे आखूड झालंय. सही केलीस म्हणतेस, काय मिळालं ते लिहीत नाहीस.’

‘काय मिळालं?’ मीटरबाईने विचारलं, आणि विचारताच तिला उत्तर कळलं.

‘दुरुस्ती विभागातली जागा. मग हा धंदा. लोक जे नाव घेऊन तुला हाक मारतात ते. लिही.’ ताईने पेन्सिल पुढे केली. ‘आणि मी तुला माफ केलंय असं मनात आणू नकोस. ते मला जमेल की नाही, बघू. हे अर्धवट जाऊ नये म्हणून सांगतेय.’

तिने लिहिलं. तिथेच, ताईसमोर, एकही शब्द मऊ न करता. दोघींनी खाली सह्या केल्या. ताईची सही शाळेच्या वहीतल्यासारखी, गोल, सुटी सुटी. दुपारी मीटरबाईने प्रती काढल्या. एक संग्रहालयाला, एक दुकानाच्या दारावर काचेआड, आणि सतरापैकी ज्या पाच जणींचे पत्ते दोघींनी मिळून शोधून काढले त्यांना टपालाने एकेक.

व्यवस्थापकाचा फोन चौथ्या दिवशी आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. ‘बाई, मला दुरुस्तीचा दाखला हवा होता. तुम्ही तर इतिहासच पाठवलात.’

‘इतिहास तुम्ही पाठवला होतात. मी दुरुस्त केला.’

‘पाटी छापून झालीय. साहेब पाहुणे आहेत. जरा समजून घ्या.’

‘घेते की. पाटी तशीच राहणार असेल तर पॅनेलही जसं होतं तसंच देते. पत्रा काढून. काचेत बंद केल्यावर बावीस मिनिटं चालेल. साहेबांचं भाषण किती वेळाचं आहे?’

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, बघतो काय करता येतं ते. असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा काही करत नाही, हे तिला माहीत होतं. पण याने केलं, म्हणजे अर्धं केलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली की ते वाक्य काढतो. तिने पत्रा बसवून हिरव्या ठिपक्याचं पॅनेल दिलं. उद्घाटनाला साहेब आले नाहीत. प्रकृती बरी नाही असं कळवलं होतं म्हणे. दोघींनाही बोलावणं नव्हतं.

त्या दोघी नंतरच्या आठवड्यात गेल्या, दुपारी, दोन साधी तिकिटं काढून. दालनात फारसं कुणी नव्हतं. गाडी मधोमध उभी होती, वर दिवे, भोवती जाड दोरी, आणि तिच्या पुढ्यात काचेच्या पेटीत पॅनेल पेटलेलं. बाजूला पाटी. त्या एका वाक्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर छापलं होतं: ‘काही तांत्रिक कारणांमुळे हे पॅनेल बंद पडत असे.’ मीटरबाईने वाचलं आणि तिचे कान तापले. एवढं करून शेवटी ‘काही’. ‘काही तांत्रिक’. तिने ताईकडे बघितलं. ताईने पाटी दोनदा वाचली, पिशवी तिच्या हातात दिली, आणि दोरी एका हाताने वर उचलून खालून वाकून पलीकडे गेली. अडुसष्टाव्या वर्षी ती तशी सहज वाकली याचंच मीटरबाईला आश्चर्य वाटत होतं, तोवर ताई पेटीशी पोचली होती आणि काचेला नाक लागेल इतकी जवळ उभी होती.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून रखवालदार उठला. ‘आजी, दोरीच्या बाहेर या. हात लावायला मनाई आहे.’

‘लावून झालाय,’ ताई म्हणाली. ‘चाळीस वर्षांपूर्वी. शंभरावर जोड आहेत आत, सात सोडून सगळे माझे.’

रखवालदाराने मीटरबाईकडे बघितलं, ही तुमच्याबरोबर आहे ना, नेता का बाहेर, अशा नजरेने. मीटरबाईने पिशवी खाली ठेवली, दोरी उचलली आणि आत गेली. शाळेतली दोन पोरं आणि त्यांचे वडील थांबून बघायला लागले. वडिलांनी विचारलं, आजी, हे तुम्ही केलंय का, आणि ताई, मागे वळून न बघता, त्यांना पहिल्यापासून सांगायला लागली. आधी तिने आपलं नाव सांगितलं, पूर्ण.